ए-फोर एलईडी ट्रेसिंग पॅड: फ्लॅटसाठी उत्तम, पण उजेड बटणाने कमी करू नका

चित्रं गिरवण्यासाठी मिळणारा, यूएसबीवर चालणारा ए-फोर पॅड दुर्बिणीतून काढलेल्या आकाशाच्या फोटोंसाठी फ्लॅट (कोपऱ्यांतला अंधार आणि धुळीचे डाग घालवायला घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) घ्यायला छान चालतो. खास दुर्बिणीसाठी बनवलेल्या पॅनेलपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो, आणि नीट वापरला तर फोटोत फरक ओळखू येत नाही. फक्त जसाच्या तसा दुर्बिणीच्या नळीवर ठेवून भागत नाही.

खरी अडचण उजेडाची आहे. पॅड फार प्रखर असतो, म्हणून हात आपोआप बटणाकडे जातो. पण बहुतेक पॅड एलईडी वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करतात. डोळ्यांना ते कळत नाही. कॅमेऱ्यातला सीमॉस सेन्सर मात्र ओळीओळीने वाचतो. एक्स्पोजर काही मिलिसेकंदांचं असेल तर फ्लॅटवर पट्टे उमटतात आणि तेच पुढे प्रत्येक लाइटमध्ये (आकाशाच्या प्रत्यक्ष फोटोत) उतरतात. त्यामुळे पॅड पूर्ण उजेडावरच ठेवा. त्यावर 3 मिमी दुधी ॲक्रिलिक आणि मग साधे पांढरे कागद घाला. एक्स्पोजर 1 ते 3 सेकंदांवर येईपर्यंत कागद वाढवत जा. 16-बिट फाइलमध्ये मध्यभागी 25,000 ते 30,000 एडीयू (पिक्सेलच्या उजेडाचा आकडा) हवेत. डीएसएलआरवर हिस्टोग्रामचं (उजेडाच्या आलेखाचं) शिखर साधारण मधोमध. 25-30 फ्रेम पुरतात. एलईडी कडेला बसवलेले असल्याने एका बाजूला उजेड किंचित जास्त असतो, म्हणून निम्म्या फ्रेम झाल्या की पॅड 180 अंशांत फिरवा.

पॅडची रुंदी 21 सेंमी, उजळणारा भाग त्याहून थोडा कमी. 150 मिमीपर्यंतच्या दुर्बिणीला निर्धास्त घ्या, 8 इंचीला ए-थ्री. पांढऱ्या एलईडीत गडद लाल प्रकाश कमी असतो, तेव्हा सल्फर फिल्टरला (फक्त 672 नॅनोमीटरजवळचा गडद लाल प्रकाश सोडणारा) कागद काढावे लागतील.

पुष्कळदा दोष पॅडचा नसतो, तरी खापर त्याच्यावर फुटतं. कॅलिब्रेशननंतर (फ्लॅट वापरून लाइट दुरुस्त केल्यावर) कोपरे उजळ आणि मध्य काळपट दिसला, तर लाइटमधून डार्क (झाकण लावून, लाइटइतक्याच एक्स्पोजरचा घेतलेला फोटो) वजा झालेला नाही किंवा लाइट घेताना कुठूनतरी प्रकाश आत शिरतोय. कोपरे काळेच राहिले, तर फ्लॅटमधून डार्क-फ्लॅट वजा करायचे राहिले आहेत. आयएमएक्स 294 सेन्सरवर बायसवर (झाकण लावून, अगदी छोट्या एक्स्पोजरने घेतलेल्या फोटोंवर) विसंबू नका. फ्लॅटइतक्याच एक्स्पोजरचे, कॅमेऱ्याच्या त्याच गेन-ऑफसेट सेटिंगचे आणि तापमानाचे डार्क-फ्लॅट झाकण लावून घ्या. फोटोतल्या धुळीच्या गोल कड्याची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी उठून दिसत असेल, तर लाइट आणि फ्लॅटच्या मधे कॅमेरा फिरला किंवा धूळच सरकली. अशा वेळी नवे फ्लॅट घेऊनही जुने लाइट सुधारत नाहीत, म्हणून फ्लॅट त्याच रात्री, जुळणी न हलवता घ्यावेत. रंगीत कॅमेऱ्याच्या फ्लॅटला पॅडचा निळसर रंग येतो. सिरिल या फोटो-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इक्वलाइझ सीएफए’ची खूण केली की तो प्रश्न मिटतो.

पॅड फार कमी वीज घेतो, त्यामुळे काही पॉवर बँक मधेच आपोआप बंद पडतात. तीच पॉवर बँक ड्यू हीटरलाही (दुर्बिणीवर दव जमू न देणाऱ्या गरम पट्टीला) जोडलेली असली की ही कटकट सहसा होत नाही.