आमदारांचे जनसंपर्क कार्यालय : एक अभिप्राय

आमच्या मतदारसंघातील आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयाचा अनुभव घेतल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, या सेवेचे खरे मोल शिफारसपत्रांत नसून गावाची तक्रार विधानसभेपर्यंत नेण्याच्या पद्धतीत आहे. रखडलेल्या नळपाणी योजनेबाबत आम्ही अर्ज दिला, तेव्हा पोच लगेच मिळाली. स्वीय सहायकांनी कार्यारंभ आदेशाची प्रत मागून घेतली आणि पत्रव्यवहाराला दाद न मिळाल्यास तारांकित प्रश्न देण्याचे सुचवले. अशा प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात व त्यावर उपप्रश्न विचारता येतात, तर अतारांकित प्रश्नाचे उत्तर केवळ लेखी येते, हा फरक त्यांनी ग्रामस्थांना शांतपणे समजावून सांगितला, याचे मला विशेष कौतुक वाटते. सांगोल्यातून 11 वेळा निवडून आलेल्या गणपतराव देशमुखांनी दुष्काळी तालुक्याच्या पाण्याचा प्रश्न ज्या चिकाटीने लावून धरला, तीच चिकाटी प्रत्येक आमदाराकडून अपेक्षित आहे.

स्थानिक विकास निधीच्या बाबतीत मात्र मी समाधानी नाही. सभामंडप आणि प्रवेशद्वारे यांना झुकते माप मिळते, शाळांची स्वच्छतागृहे मागे राहतात. शिवाय नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात कार्यालयात निर्णय घेणारे कोणीच नसते.

तरीही सार्वजनिक प्रश्न असलेल्यांनी येथे अवश्य जावे. जाताना ग्रामसभेच्या ठरावाची प्रत आणि आधीचा पत्रव्यवहार सोबत ठेवावा.