विंडोज सेव्हन अजून ठेवावं का? एका डीटीपीवाल्याचा रिव्ह्यू

२००९ च्या ऑक्टोबरात आलेल्या मालाचा रिव्ह्यू आता कशाला, असं ज्यांना वाटतंय त्यांनी खुशाल पुढे जा. नौपाड्यात आमचं डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईचं मॅटर जुळवायचं) छोटंसं दुकान आहे, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, मंडळांची पावतीपुस्तकं असली कामं, आणि आतल्या टेबलावर विंडोज सेव्हनचं मशीन अजून रोज चालतं. गिऱ्हाईक ते गोल स्टार्टचं बटण बघून हसतं. हसू दे.

ओएस म्हणाल तर एक नंबर. जिथं ठेवलं तिथंच सापडतं, मेनूत जाहिराती नाहीत, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना 'अपडेट सुरू आहे, बंद करू नका' बघत बसावं लागत नाही (आता अपडेट येतच नाहीत म्हणा). पण आम्ही ठेवलंय ते काही प्रेमापोटी नाही. आमचं सगळं जुनं मॅटर पेजमेकर ७ या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमधे आहे, तो आला २००१ ला, त्याला युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड देणारी पद्धत) कळत नाही. त्यातले जुने मराठी फॉन्ट कसे चालतात तर फाइलमधे असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांच्यावर मराठी चेहरा चढवतो. फॉन्ट काढला की 'चि. सौ. कां.' च्या जागी नुसते डॉलर, कंस आणि टोप्या घातलेले इंग्रजी ए. वर त्या फॉन्टच्या पॅकेजला डोंगल लागतं (मशीनला लावायची छोटी किल्ली, ती नसेल तर पॅकेज चालत नाही), आमच्या डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटचा, आणि असला ड्रायव्हर ६४ बिटवर चालत नाही. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटच येतं. म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी येऊन 'मागचाच अहवाल काढा, फक्त आकडे बदला' म्हणाला की आतल्या टेबलाशिवाय गत्यंतर नाही.

आता नेटचं. इथं मात्र स्पष्ट सांगतो, सेव्हनवर नेट लावू नका, अजिबात नको. सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोम १०९ या जुन्या व्हर्जनवर अडकलंय, त्यावर नेटबँकिंग करणाऱ्याला माझा लांबूनच नमस्कार. 'आपल्या दुकानात कोण हॅक करणार' असं म्हणणारे बरेच भेटतात, पण वॉनाक्राय या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं कुणाचं दुकान केवढं ते बघितलं नव्हतं. मे २०१७ मधे ते आलं, पॅच (विंडोजमधलं भोक बुजवणारं अपडेट) मार्चमधेच निघाला होता, ज्यांनी टाकला नाही ते मेले, आणि त्यात बहुतेक मशीनं सेव्हनचीच. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला, तोही तेच भोक वापरणारा, आणि आपल्या इथं जेएनपीटीत (न्हावाशेवा बंदरात) मर्स्क या जहाज कंपनीच्या टर्मिनलचं काम अडकलं होतं. तेव्हा निदान पॅच तरी होता. आता नवीन भोक सापडलं तर बुजवायला कोणी येणार नाही.

म्हणून आतल्या मशीनची लॅन केबल काढून टाकलीय, प्रिंटर थेट यूएसबीवर. पण खरी भानगड पेनड्राइव्हची. शाळेतून, सायबरमधून, कुठून कुठून फिरून आलेले असतात, लावला की प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात तो छोटा बाण. शॉर्टकट व्हायरस. डबल क्लिक केलं की फोल्डर उघडतो पण, त्यामुळे माणसाला कळतच नाही की मागे दुसरंच काहीतरी चालू झालं. यावर उपाय म्हणून बाहेरच्या काउंटरवर जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ओएस टाकलीय. तिथं तो व्हायरस चालतच नाही, लपवलेले खरे फोल्डर सरळ दिसतात, शॉर्टकट पण उघडे पडतात. हवी तेवढी फाइल आमच्या पेनड्राइव्हवर घ्यायची आणि मगच आत. गिऱ्हाईक कुरकुरतं, 'सरळ लावा ना हो', पण नाही म्हणजे नाही.

घरी विंडोज १० वाले असाल तर तुमचं प्रकरण वेगळं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सिक्युरिटीची चिप) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर. 'रुफसनं टाकून देतो' म्हणणारे (रुफस म्हणजे या अटींना बगल देणारा पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर) गल्लोगल्ली आहेत, चालतं पण, फक्त पुढे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही.

स्टार द्यायचे तर आतल्या टेबलासाठी चार, नेटसाठी शून्य. पाचवा कापला कारण आमचं सेव्हन ३२ बिटचं, चार जीबीच्या वर रॅम घेतच नाही, आणि मोठ्या फ्लेक्सची कोरल फाइल उघडली की चहा पिऊन यायचं. आणि सेव्हन ठेवणाऱ्यांनो, मदरबोर्ड उडाला तर नवीन बोर्डवर सेव्हन बसवायला जाऊ नका, इंटेलच्या सातव्या जनरेशनपासून त्याला सपोर्टच नाही. लॅमिंग्टन रोडला जुना बोर्ड हुडकावा लागतो, तोही चालेल तितके दिवस. हार्डडिस्कची इमेज (सगळ्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी) आजच काढून ठेवा. आम्ही नवीन काम सगळं युनिकोडमधे इनडिझाइनवरच घेतो, जुनं मॅटर गिऱ्हाईक मागेल तसं कन्व्हर्ट करतो, त्यात रफार आणि जोडाक्षरं हमखास फुटतात, प्रूफ दोनदा वाचा.