कांचनाबुरी : आधी संग्रहालय, मग दफनभूमी

थायलंडमधील कांचनाबुरीला जाणारे बहुतेक प्रवासी क्वाई नदीवरील पूल पाहतात आणि दुसऱ्या महायुद्धातील युद्धकैद्यांच्या दफनभूमीत जाता जाता डोकावतात. माझ्या मते अधिक वेळ दफनभूमीला द्यावा आणि तिच्या शेजारचे थायलंड-बर्मा रेल्वे सेंटर हे संग्रहालय त्याआधी पाहावे. ऑक्टोबर १९४२ ते ऑक्टोबर १९४३ या काळात जपानी सैन्याने थायलंड ते बर्मा (आजचा म्यानमार) हा ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग कैद्यांकडून कसा बांधून घेतला, हे तेथे नकाशे, प्रतिकृती आणि कैद्यांच्या वस्तूंमधून अतिशय संयमाने मांडले आहे. साठ हजारांहून अधिक युद्धकैद्यांपैकी बारा हजारांहून अधिक जण कॉलरा, आमांश, मलेरिया, उपासमार आणि मारहाण यांना बळी पडले. राबवून घेतलेल्या आशियाई मजुरांचे मृत्यू याहून कितीतरी अधिक होते. त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला नावाचा दगडही आला नाही, ही खंत येथे सतत जाणवते.

हे समजून घेऊन दफनभूमीत गेल्यावर ठेंगण्या दगडांवरचे धातूचे फलक सावकाश वाचावेत. येथे राष्ट्रकुलातील ५,०८४ आणि १,८९६ डच मृतांची नोंद आहे. पलटण, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख यांच्यासोबत अनेक फलकांवर वय आहे, आणि ते पुष्कळदा विशीतले आहे. खाली घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ असते. रणांगणावर पडलेल्याच्या शौर्याची कथा तरी मागे राहते. छावणीत आजाराने झिजून गेलेल्या तरुणाची आठवण जपण्यासाठी मात्र आईवडिलांजवळ, ज्यांतल्या कित्येकांना मुलाच्या मृत्यूची बातमीच फार उशिरा कळली, या मोजक्या शब्दांपलीकडे फारसे काही नव्हते. म्हणून ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

दहन केलेल्या तीनशे जणांची रक्षा दोन कबरींत एकत्र आहे. प्रवेशद्वाराच्या इमारतीत अविभाजित भारताच्या सैन्यातील अकरा जणांची नावे कोरलेली आहेत. त्यांना थायलंडमधील मुस्लिम दफनभूमींत पुरले होते. भारतीयांनी ती नावे आवर्जून पाहावीत.

दफनभूमीची निगा उत्तम आहे, परंतु सावली कमी असल्याने सकाळची वेळ बरी. संग्रहालय कैद्यांच्या नातेवाइकांना माहिती शोधण्यासही मदत करते. घरातील कोणी त्या लोहमार्गावर होते असे ठाऊक असल्यास नाव, पलटण आणि सैनिक क्रमांक सोबत न्यावा.