हाड संगणकात: ताण मोजायचा की पेशी?

मालवणच्या वाळूत पाय रोवून रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढणाऱ्याचं मांडीचं हाड भारानुसार कसं बदलतं, हे संगणकात घडवायचं, तर वाटा दोन. पहिलीत हाडाचे बारीक तुकडे पाडायचे. भारामुळे साठणारी ऊर्जा जिथे वरच्या मर्यादेपलीकडे, तिथे घनता वाढवायची. जिथे खालच्या मर्यादेहून कमी, तिथे घटवायची. मधल्या ‘आळशी’ पट्ट्याला हात लावायचा नाही. डच संशोधक रिक हाउस्केस यांनी १९८७ साली मांडलेली ही रीत साध्या लॅपटॉपवरही चालते.

दुसरी पेशींची: ऑस्टिओक्लास्ट हाड कुरतडतात, ऑस्टिओब्लास्ट भरतात, त्यांची संख्या समीकरणांनी काढायची. गुणांक मात्र ढीगभर, त्यातले बरेचसे अंदाजपंचे!

कृत्रिम खुब्याभोवतीच्या हाडाची झीज बघायला मी पहिलीच घेईन. रजोनिवृत्तीनंतरचा ठिसूळपणा किंवा औषधाचा परिणाम तपासायचा, तर पेशींशिवाय गत्यंतर नाही.