एका सर्व्हरचा पूर्ण बॅकअप टेपवर: टार, एमटी आणि एमबफरच्या जोडणीचं परीक्षण

एक सर्व्हर, एक टेप ड्राइव्ह आणि रोज रात्री कुणीही हात न लावता निघणारा पूर्ण बॅकअप. गरज एवढीच असेल तर बॅकअपचं मोठं सॉफ्टवेअर घ्यायचं, की लिनक्समधल्या अवजारांवर आपली शेल स्क्रिप्ट लिहायची? या परीक्षणातली जोडणी अशी आहे: हाफ-हाइट एलटीओ-६ ड्राइव्ह (एलटीओ हा टेपचा प्रकार, ६ ही त्याची पिढी), तो सर्व्हरला जोडणारं एलएसआय ९२०७-८ई हे एसएएस कार्ड, डेबियन लिनक्स, आणि टार (फाइलींचा संग्रह बांधणारं), एमटी-एसटी (टेप हलवणारं), एमबफर (माहिती मध्ये साठवणारं), एसजी३-युटिल्स (ड्राइव्हच्या नोंदी वाचणारं) ही मोफत पॅकेजं. गुण पाचपैकी चार. टेपवर लिहिण्याचं काम ही जोडणी चोख करते. एक गुण कापला आहे तो चूक झाल्यावर गप्प बसण्याच्या तिच्या खोडीसाठी, आणि ती खोड स्क्रिप्ट लिहिणाऱ्यालाच मोडावी लागते.

एलटीओ-६ २०१२ सालचा. एका टेपवर २.५ टीबी मावतो आणि वेग सेकंदाला १६० एमबीपर्यंत जातो, म्हणजे टेप पूर्ण भरायला साधारण ४ तास २० मिनिटं. डब्यावर ६.२५ टीबी छापलेलं असतं, पण तो २.५ पट कॉम्प्रेशन धरून केलेला हिशेब आहे. फोटो, व्हिडिओ, झिप केलेल्या फाइली जवळजवळ काहीच आकसत नाहीत, त्यामुळे हिशेब २.५ टीबीचाच धरावा. नवी पिढी घ्यावी का? एलटीओ-८ ची टेप १२ टीबीची आहे, पण त्या ड्राइव्हला माहितीही तितक्याच वेगानं पुरवावी लागते. एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच येतं. एवढ्यावर एलटीओ-६ आरामात चालतो, एलटीओ-८ अर्धपोटी राहतो. शिवाय एलटीओ-८ ला एलटीओ-६ च्या टेप वाचता येत नाहीत. त्या वाचायला एलटीओ-६ किंवा एलटीओ-७ च लागतो, हे जुना साठा असलेल्यांनी ध्यानात ठेवावं.

ड्राइव्ह रेड कार्डाला (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाला) जोडू नये. बहुतेक रेड कार्डं टेपला नीट साथ देत नाहीत. साधं एचबीए, म्हणजे वरच्या एलएसआयसारखं फक्त जोडणी करणारं कार्ड हवं.

आता स्क्रिप्ट. लिनक्सला एकच ड्राइव्ह दोन नावांनी दिसतो: एसटी० आणि एनएसटी०. पहिल्या नावानं उघडला तर काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावानं उघडला तर जिथे थांबली तिथेच राहते. समजा, स्क्रिप्टनं बूट, रूट आणि होम असे तीन संग्रह एकामागोमाग एसटी० वर लिहिले. बूट लिहून झाला, टेप मागे गेली, रूट त्याच्यावर लिहिला गेला, टेप पुन्हा मागे, आणि होम रूटवर. सकाळी तिन्ही कामं यशस्वी दिसतात, टेपवर मात्र फक्त होम असतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये सगळीकडे एनएसटी, आणि तोही देव-टेप-बायआयडी या डिरेक्टरीतल्या कायमच्या नावानं, कारण दुसरा ड्राइव्ह जोडला की शून्य आणि एक यांची अदलाबदल होऊ शकते. एमटी नावाचा आदेश डेबियनवर सीपीआयओच्या पॅकेजमधूनही येतो. त्यात टेप ड्रायव्हरचे पर्याय बदलायची सोय नाही, त्यामुळे एमटी-एसटीच बसवावं.

टेपवरची पहिली फाइल छोटीशी ठेवावी: टेपचं नाव, वार आणि तारीख, एवढ्या दोन-तीन ओळी. स्क्रिप्ट आधी ही फाइल वाचते, आज मंगळवारची टेप हवी आणि आत शुक्रवारची असेल तर काही न लिहिता थांबते आणि मेल पाठवते. एमटी स्टेटसमध्ये ‘ऑनलाइन’ दिसतं का आणि ‘राइट प्रोटेक्ट’ लागलेलं नाही ना, हेही त्याच वेळी पाहावं. दुसऱ्या फाइलीत पार्टिशन टेबलची नक्कल, एलव्हीएमची (डिस्कच्या जागेची लवचिक विभागणी करणाऱ्या सोयीची) रचना, एफएसटॅब (कुठली फाइल सिस्टिम कुठे जोडायची याची फाइल), डिस्कांचे यूयूआयडी (ओळख क्रमांक) आणि पॅकेजांची यादी ठेवावी. प्रत्यक्ष सिस्टिम तिसऱ्या फाइलीपासून सुरू होते.

ब्लॉकच्या आकाराकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. टार मुळात १०,२४० बाइटच्या तुकड्यांनी लिहितो आणि एवढे बारीक तुकडे एलटीओला मानवत नाहीत. ब्लॉकिंग फॅक्टर ५१२ दिला की तुकडा २,६२,१४४ बाइटचा, म्हणजे २५६ केबीचा होतो. एमटीनं ब्लॉक आकार शून्य करून ड्राइव्ह बदलत्या ब्लॉकवर ठेवावा आणि एमबफरलाही हाच २५६ केबी सांगावा. ही टेप वाचताना ५१२ सांगायचं विसरलं तर ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ असा संदेश येतो. माणूस रॅम तपासत बसतो, आणि खरी गोष्ट इतकीच असते की टेपवरचा तुकडा वाचणाऱ्यानं मागितल्यापेक्षा मोठा आहे. हा आकडा टेपच्या लेबलवर पेनानं लिहून ठेवावा. सर्व्हरच गेला असेल त्या दिवशी स्क्रिप्टही हाताशी नसते.

एमबफर कशासाठी, तर ड्राइव्हला अडखळू न देण्यासाठी. लाखो बारीक फाइली वाचताना टारचा वेग सेकंदाला ४० एमबीपर्यंत उतरतो. ड्राइव्ह आपला वेग कमी करतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्याखाली तो थांबतो, टेप थोडी मागे घेतो, पुन्हा वेग पकडतो. हे सतत होत राहिलं की बॅकअप लांबतो आणि टेप नि हेड दोन्ही झिजतात. कान दिला तर ऐकूही येतं: एकसंध घरघरीऐवजी दर क्षणाला खरड-थांब, खरड-थांब. एमबफरला ४ जीबी मेमरी द्यावी आणि ती ९० टक्के भरल्याशिवाय लिहू नकोस असं सांगावं. मग ड्राइव्ह अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ सलग चालतो आणि पुढचा साठा भरेपर्यंत शांत बसतो. एलटीओ-६ ची टेप ८४६ मीटर लांब असते आणि पूर्ण भरताना ती १३६ वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. म्हणजे जवळपास ११५ किलोमीटर, सीएसएमटीहून सुटलेली गाडी कर्जत सोडून बोरघाट चढत असेल इतकं अंतर हेडवरून घासत जातं. त्यात उगाचच्या फेऱ्यांची भर नको.

टारला एसीएल (कुणाला काय परवानगी याच्या नोंदी), विस्तारित गुणधर्म आणि मालकांचे आकडी क्रमांक जपायला सांगावं. ‘वन-फाइल-सिस्टम’ हा पर्याय प्रॉक आणि सिससारख्या, डिस्कवर प्रत्यक्षात नसलेल्या डिरेक्टऱ्या वगळतो, म्हणून तो हवाच. पण होम किंवा वार (/var) या डिरेक्टऱ्या वेगळ्या पार्टिशनवर असतील तर तेही चकार शब्द न काढता वगळले जातात. प्रत्येक फाइल सिस्टिमचा संग्रह स्वतंत्र लिहावा आणि यादी, जोडलेल्या फाइल सिस्टिम दाखवणाऱ्या फाइंडमाउंटच्या आउटपुटशी ताडून पाहावी. डेटाबेसचा आधी डंप (फाइलीत उतरवलेली प्रत), मग एलव्हीएम स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली प्रत), मग स्नॅपशॉटवरून टार. स्नॅपशॉटला जागा कमी पडली की तो निकामी होतो आणि बॅकअप मध्येच तुटतो, म्हणून त्याची भरलेली टक्केवारी लॉगमध्ये नोंदवावी.

घोडं पेंड खातं ते चुका पकडण्यात. टारकडून एमबफरकडे पाइप असेल, म्हणजे एकाचं आउटपुट थेट दुसऱ्याला जात असेल, तर शेल फक्त शेवटच्या आदेशाचा निकाल पाहतं. टार अर्ध्यावर कोसळला तरी एमबफरनं मिळालं तेवढं नीट लिहिलं, म्हणून एकूण निकाल शून्य, म्हणजे यशस्वी. बॅशमध्ये ‘पाइपफेल’ चालू करावं आणि ‘पाइपस्टेटस’मधून दोघांचे निकाल वेगवेगळे तपासावेत. टारनं १ दिला तर वाचताना एखादी फाइल बदलली असा अर्थ होतो, ती सूचना समजावी. २ दिला तर बॅकअप झालाच नाही असं धरावं. क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट सुरू करणाऱ्या सेवेची, तऱ्हा आणखी वेगळी. त्याचा पाथ (आदेश शोधायच्या डिरेक्टऱ्यांची यादी) तोकडा असतो, एसबिनमधले एलव्हीक्रिएटसारखे आदेश त्याला सापडत नाहीत. हातानं चालवलेली स्क्रिप्ट दिवसा उत्तम चालते आणि रात्री पडते, ती यामुळेच. पाथ स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच लिहावा, दोन प्रती एकाच वेळी सुरू होऊ नयेत म्हणून एफलॉक लावावा, आणि मेल यशाचाही पाठवावा. फक्त अपयशाचा मेल ठेवला तर मेल सेवा बंद पडलेली आणि बॅकअप सुरळीत चाललेला, या दोन्हींत फरक कळत नाही.

लिहिताना ड्राइव्ह स्वतः प्रत्येक ब्लॉक लगेच वाचून तपासतो, पण चुकीची फाइल बरोबर लिहिली गेली तर त्याला ते कसं कळणार? त्यामुळे टेप पुन्हा वाचावीच. एमबफर लिहिता लिहिता एमडी५ (माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून देतो. टेप गुंडाळून त्या फाइलीवर जावं, ती परत एमबफरमधून वाचावी आणि दोन्ही आकडे जुळवावेत. वेळ दुप्पट लागतो. भरलेली टेप रात्री नऊला सुरू केली तर पडताळणीसह सकाळचे सहा वाजायला येतात. तरीही हा टप्पा गाळलेल्या स्क्रिप्टवर भिस्त ठेवू नये. दर तीन महिन्यांनी दुसऱ्या डिस्कवर पूर्ण सिस्टिम उभी करून पाहावी: पार्टिशन, फाइल सिस्टिम, टारनं उतरवणं, ग्रब (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) बसवणं, बूट. हे सगळं हातानं करायचं नसेल तर ‘रिलॅक्स अँड रिकव्हर’ बूट होणारी आपत्कालीन प्रतिमा बनवून देतो आणि तो टेपशीही जोडता येतो.

गप्प बसण्याच्या खोडीशिवाय आणखी एक मोठी कमकुवत बाजू आहे. माहिती एका टेपपेक्षा जास्त झाली की टारचा बहुखंडी प्रकार आणि एमबफरचा पाइप एकत्र नांदत नाहीत. डिरेक्टऱ्यांची विभागणी करून दोन टेपवर दोन रात्री, इथपर्यंत चालतं. तीन-चार सर्व्हर, ऑटोलोडर (टेप आपोआप बदलणारं यंत्र), कुठली फाइल कुठल्या टेपवर याची सूची, असं लागत असेल तर सरळ बाक्युला किंवा अमांडासारखं बॅकअपचं मोठं सॉफ्टवेअर घ्यावं. शेलमध्ये तो कॅटलॉग उभा करण्यात अर्थ नाही.

टेप दीर्घकाळ ठेवायच्या असतील तर १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता हवी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या कपाटात हे जमत नाही, हवाबंद डबा आणि सिलिका जेल ठेवावं. बाहेरून आणलेली टेप एसी खोलीत एक दिवस ठेवून मगच ड्राइव्हमध्ये घालावी. क्लीनिंग टेप ड्राइव्हनं मागितली तरच वापरावी, ती ५० वेळांपर्यंत चालते आणि उगाच वापरली तर हेड झिजवते. हातातून पडलेली टेप तपासल्याशिवाय आत ढकलू नये: कोपऱ्यातली छोटी झडप बोटानं सरकवली की पट्टीच्या टोकाची धातूची पिन दिसते. ती जागेवरून सरकली असेल तर ड्राइव्हची पकड चुकते आणि टेप आत अडकते.

एलटीओ-६ ड्राइव्ह आता बहुधा वापरलेलाच मिळतो. पैसे देण्याआधी एसजी-लॉग्जनं त्याच्या चुकांच्या नोंदी आणि टेप अलर्ट (ड्राइव्हनं दिलेले इशारे) पाहावेत, एक नवी टेप पूर्ण भरून परत वाचावी. वेग मध्येच पडत असेल आणि क्लीनिंगनंतरही सुधारत नसेल, तर हेड संपलेलं आहे, तो ड्राइव्ह परत करावा.