डोक्याला लावायचा लाल दिवा: दहा महिने वापरल्यावर

रात्री आकाश बघताना वापरायला घेतलेला हा दिवा वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. वजनाला हलका आहे, उजेड भरपूर देतो आणि दोनदा गच्चीवरून खाली पडूनही फुटला नाही. किती ल्युमेन, किती तास चालतो, हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं आणि ते तुम्ही वाचलेलं असणारच. माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे. बटण दाबलं की आधी पांढरा लागतो. एकदा दाबा, पांढरा. दुसऱ्यांदा दाबा, जरा मंद पांढरा. तिसऱ्यांदा दाबाल तेव्हा कुठे लाल. बंद करायला चौथ्यांदा. म्हणजे लाल दिवा हवा असेल तर दर वेळी पांढऱ्याच्या दारातूनच आत जायचं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याने फरक पडत नाही. हाच साचा, हेच बटण आणि हाच क्रम मी वेगवेगळ्या चार नावांखाली पाहिला आहे.

फेब्रुवारीत ७४९ रुपयांना घेतला. मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तेवीस वर्षं काढली. आधी ट्रेसिंग पेपर, मग कॉम्प्युटर. हात पेन्सिलीसाठी शिवशिवायचा तो राहूनच गेला. आता आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे, एक १०×५० बायनॉक्युलर आहे, आणि दिसेल ते मी काढते: तारकागुच्छ, दीर्घिका, नशीब असेल तर धूमकेतू. पांढऱ्या कागदावर शिसपेन्सिलने उलटं चित्र, म्हणजे तारा काळा आणि आकाश पांढरं. काळा कागद आणि पांढरी पेन्सिलही करून पाहिली. खडूने फळ्यावर लिहिल्यासारखं दिसतं, मला नाही जमलं. भाचा म्हणतो, आत्या, फोनला दहा सेकंदांचं एक्स्पोजर दे आणि मोकळी हो. त्याचं बरोबर आहे. पण फोटो काढल्यावर मी त्या गोष्टीकडे परत बघत नाही. चित्र काढायचं तर अर्धा तास बघावंच लागतं आणि त्या अर्ध्या तासात गोष्टी दिसू लागतात.

माझी चिडचिड त्या अर्ध्या तासावरूनच आहे. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. डोळ्याच्या पडद्यातल्या, अंधुक उजेडात बघणाऱ्या दंडपेशींमधलं ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य हळूहळू भरत जातं, आणि पांढरा झोत डोळ्यांवर आला की क्षणात उडून जातं. पुन्हा पहिल्यापासून. लाल उजेडाला या पेशी फारशा दाद देत नाहीत, म्हणून आपण सगळे लाल दिवे घेऊन फिरतो. इतकी साधी गोष्ट आहे. मग लाल दिवा बनवणाऱ्याने तो पांढऱ्याच्या मागे का लपवावा?

पहिला दणका एप्रिलच्या अमावस्येला बसला. माझ्या भावाची ओतूरजवळ वाडी आहे, तिथे एम ५१ या दीर्घिकेवर दुर्बीण लावली होती. सप्तर्षीच्या शेपटीच्या टोकाला मरीची आहे ना, तिथून थोडं बाजूला. हिची सर्पिल रचना पहिल्यांदा हाताने काढली गेली १८४५ मध्ये, आयर्लंडमध्ये, लॉर्ड रॉसने ७२ इंची आरशातून. माझ्याकडे आठ इंच. पहिली दहा मिनिटं दोन धुरकट ठिपके. मग नजर तिरकी करायची, मध्यावर रोखायची नाही, कारण दंडपेशी मधोमध नसतात. पंचविसाव्या मिनिटाला मोठ्या ठिपक्याभोवती काहीतरी वळलेलं वाटलं. वाटलं, गेलं, पुन्हा वाटलं. मी पेन्सिल कागदाला लावली. तेवढ्यात दिवा आपोआप बंद झाला (बॅटरी वाचवण्याची सोय म्हणे) आणि मी सवयीने बटण दाबलं.

पांढराशुभ्र. कागद, हात, दुर्बिणीची नळी, समोरचा पेरू, सगळं लख्ख. आयपीसला, म्हणजे दुर्बिणीत जिथून बघायचं त्या भिंगाला, डोळा लावला तर आत नुसता हिरवट-जांभळा डाग तरंगतोय. त्या रात्री वळण परत दिसलंच नाही. वहीत ते पान आजही तसंच आहे: दोन ठिपके, एक अर्धी कमान आणि बाजूला माझ्याच अक्षरात लिहिलेला एक शब्द, जो इथे लिहिता येणार नाही.

मी घरी येऊन दिव्याला पाचपैकी एकच तारा, म्हणजे एकच गुण, देणार होते. मग म्हटलं, उपाय करून पाहू. पुतणीकडून मरून नेलपॉलिश मागून घेतलं आणि पांढऱ्या एलईडीवर तीन हात दिले. काम झालं, असं वाटलं. पुढच्या खेपेला लक्षात आलं की मुळात लालच जास्त आहे! या दिव्याचा लाल उजेड तंबूत पुस्तक वाचायला ठीक, पण चित्राच्या कागदावर पडला की कागद डोळ्यांत खुपतो. अंधुक दीर्घिका काढताना कागद जेमतेम दिसावा, इतपतच उजेड हवा. मग लाल एलईडीलाही दोन हात. (आणि नव्या लोकांना एक सांगते, लाल उजेडात लाल पेनने केलेल्या खुणा दिसत नाहीत. मी दिशांच्या खुणा लाल पेनने करायची. एक अख्खी संध्याकाळ मी त्या शोधत बसले होते.)

म्हणजे मे महिन्यापर्यंत माझं मत साधारण असं झालं: दिवा ठीक, बटण वेडं, नेलपॉलिश वीस रुपयांचं. तीन तारे.

मग पाऊस. पुण्यात जून ते सप्टेंबर आपला छंद म्हणजे कपाट आवरणे. ही चूक माझी आहे, आधीच कबूल करते. मी सेल आत ठेवून दिवा पेटीत टाकला. ऑक्टोबरमध्ये लेमन नावाचा धूमकेतू आला म्हणून काढला तर दिवा मेलेला. झाकण उघडलं तर तिन्ही सेलांनी पाणी सोडलेलं, स्प्रिंगवर निळसर-हिरवी पूड. लिंबाच्या रसाने आणि जुन्या टूथब्रशने घासलं. भाऊ फोनवर म्हणाला, लिंबू धूमकेतूसाठी लिंबूच लागणार. खरं तर त्या नावाचा लिंबाशी संबंध नाही, अमेरिकेतल्या माउंट लेमनवरच्या सर्वेक्षणात तो ३ जानेवारी २०२५ ला सापडला म्हणून ते नाव. दिवा काही लागला नाही.

कस्टमर केअरला फोन केला. सेल गळणं वॉरंटीत बसत नाही, असं उत्तर आलं. बरोबर आहे, मला मान्य. पण फोन लागलाच आहे तर म्हटलं बटणाचंही विचारू. पलीकडचा मुलगा बिचारा नम्र होता. म्हणाला, मॅडम, तो दोष नाही, ते फीचर आहे. मी विचारलं, कुणासाठी? तो म्हणाला, ट्रेकर्ससाठी. मी म्हटलं, मग लाल कशाला दिलाय? तर म्हणाला, तेही फीचर आहे. अकरा मिनिटं बोलून शेवटी त्याने मला पाच पैकी गुण द्यायला सांगितलं.

तोवर दिवाळी आली. लेमन २१ ऑक्टोबरला पृथ्वीच्या सगळ्यात जवळ, त्याच दिवशी अमावस्या आणि त्याच दिवशी लक्ष्मीपूजन. पुण्यात त्या रात्री पश्चिमेला काय दिसणार, ते तुम्हाला माहीतच आहे. मी भाऊबीजेला ओतूरला गेले. ओवाळून झालं, मी म्हटलं, जेवण नंतर. सूर्य सहाच्या सुमाराला मावळला, संधिप्रकाश सरायला पावणेसात, आणि पावणेआठच्या आत धूमकेतू डोंगराआड. म्हणजे हातात एक तास. त्यात डोळे सरावायलाच अर्धा. पांढरा झोत एकदा जरी पडला असता तरी संध्याकाळ संपली असती, आणि माझ्याकडे तर दिवाच नव्हता.

भावाच्या मुलाने आकाशकंदिलाचा उरलेला लाल जिलेटिन कागद आणून दिला. घरातल्या जुन्या बॅटरीच्या तोंडाला लावला, एक घडी, दोन घड्या. गुलाबीच दिसतो. पाच घड्यांना लाल झाला. वर रबर बँड. बॅटरी मानेवर टॉवेल गुंडाळून त्यात खोचली, उजेड सरळ चित्राच्या फळीवर.

ऊस तोडायचा बाकी होता, त्यामुळे भाऊ एकटीला सोडेना. जुन्नर तालुक्यात राहणाऱ्याला बिबट्याचं कारण सांगावं लागत नाही. तो काठी घेऊन पाच पावलांवर बसला आणि दर दोन मिनिटांनी, ताई, जरा बॅटरी मारतो ना चौफेर. मी म्हटलं, मारलीस तर माझ्याशी गाठ आहे. शेवटी तडजोड झाली. पोराने मोबाइलवर भजनं लावली, मोठ्याने, म्हणजे जनावर लांब राहील. धूमकेतू मी विठ्ठलाच्या गजरात काढला.

स्वाती खाली टेकत आलेली, डावीकडे द्वितीयेची कोर मावळलेली, आणि स्वातीच्या वर तो. नुसत्या डोळ्यांना पुसटसा, तेजाने चौथ्या प्रतीच्या ताऱ्याच्या आसपासचा. बायनॉक्युलरमध्ये मात्र शेपूट सरळ वर, क्षितिजापासून लांब, दोनेक अंश तरी. आधी तारे मांडले, सात. त्यांची जागा चुकली तर पुढचं सगळं चुकतं. मग दुर्बीण ढकलायची थांबवली आणि एक तारा कुठून बाहेर जातो ते पाहिलं. ती पश्चिम, तिथे ‘प’. मग डोकं: टोकदार पेन्सिलने एक ठिपका, भोवती बोटाने नाही, इअरबडने घासलेली पेन्सिलीची राख. मध्याकडे किती दाट होत जातं, याला शून्य ते नऊ अशी श्रेणी असते. मी सहा लिहिले. हिरवट छटा दिसली, म्हणजे निदान दिसल्यासारखी वाटली. डोक्यातला दोन अणूंचा कार्बन सूर्यप्रकाशात तसा चमकतो, हे माहीत असलं की डोळे मनाचं ऐकतात, म्हणून कंसात प्रश्नचिन्ह टाकलं. शेपटीसाठी ड्रॉइंग ऑफिसातली पत्र्याची इरेझिंग शील्ड काढली. तिच्या लांबट खाचेतून खोडरबर ओढलं की शेपटीची एक कड धारदार राहते आणि दुसरी विरत जाते. आयपीसमध्येही तसंच होतं, एक कड जास्त ठळक. तेवीस वर्षं त्या शील्डने मी बोल्टांच्या रेषा खोडल्या.

त्या तासाभरात मी एकदाही बटण दाबलं नाही. बॅटरी चालूच होती. घरी जाताना कळलं की मला अख्ख्या संध्याकाळीत दिवा बंद करावासाच वाटला नाही, कारण तो कपाळावर नव्हता. कपाळावरचा दिवा मान वर केली की आयपीसवर, दुर्बिणीवर, शेजाऱ्याच्या तोंडावर पडतो. म्हणून आपण तो सारखा बंद-चालू करतो, आणि म्हणून बटण छळतं. म्हणजे माझी निम्मी तक्रार दिव्याच्या जागेशी होती. हे मला आठ महिन्यांनी सुचलं, हे लिहितानाही लाज वाटतेय.

उरलेली निम्मी मात्र कायम आहे. तिच्यासाठी नोव्हेंबरमध्ये पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, गेले. जाताना बस सीओईपीवरून, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजवरून, जाते. तिथे तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात खगोलशास्त्रज्ञ नायगमवालांची वेधशाळा होती, वीस इंची ग्रब दुर्बीण, १९१२ मध्ये ती कोडाईकनालला गेली. तिथून जाताना दर वेळी मला वाटतं, त्यांनी टिपणं कुठल्या उजेडात लिहिली असतील? कंदील बहुधा. कंदिलाला निदान आधी पांढरं लागायची खोड नसते.

तपकीर गल्लीतल्या काकांनी दिवा उघडला, पॉलिश पेपरने स्प्रिंगा घासल्या, एक तार नव्याने डाग दिली आणि दिवा लागला. पांढरा! मी म्हटलं, क्रम बदलता येईल का? ते म्हणाले, क्रम चिपमध्ये आहे, हात लागत नाही. मी म्हटलं, मग पांढऱ्याची तार कापा. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "लोक पांढरा लावून घ्यायला येतात मॅडम, तुम्ही काढायला आलात." कटरचा एक आवाज. एकंदर साठ रुपये.

आता एकदा दाबलं की काही होत नाही. दुसऱ्यांदा दाबलं तरी काही होत नाही. तिसऱ्यांदा लाल. जो कुणी हातात घेतो तो म्हणतो, बिघडलाय. वाडीवरून घरात यायला वेगळी बॅटरी न्यावी लागते, कारण बिबट्याला नेलपॉलिश लावलेला लाल उजेड दाखवून उपयोग नाही. घेणाऱ्यांना सांगायचं तर, ट्रेकला जाणार असाल तर घ्या. आकाशासाठी घेणार असाल तर दुकानात उभं राहून बटण दाबून बघा, आणि पहिला लाल लागला तरच पैसे काढा. मला साडेतीन तारे द्यायचे होते, इथे अर्धा देता येत नाही, म्हणून तीन.

दिवा हल्ली मी गळ्यातच घालते. त्यामुळे पट्टा ताणून सैल झालाय. नवा पट्टा कंपनीकडे १९९ रुपयांना मिळतो, पाठवणावळ वेगळी. मी परकराची नाडी ओवली आहे.