हेडफोनचा स्टँड घरीच: पाइपाचा, गॅरेजच्या भंगाराचा की लाकडाचा?

हेडफोनचा स्टँड विकत घ्यायची गरज खानदेशात तरी कुणाला पडू नये. जळगाव जिल्ह्यात केळीचा किंवा कपाशीचा मळा असलेल्या घरी पीव्हीसी पाइपाचे तुकडे खळ्यात पडलेलेच असतात. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हायवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे गॅरेजना आणि भंगाराला तोटा नाही. आणि जुन्या घराची दारं-चौकटी उतरवली की सागाचे तुकडे निघतात, तेही बहुतेकांच्या माळ्यावर असतात. प्रश्न सामानाचा नाही, यातलं काय निवडायचं याचा आहे.

निवडण्याआधी हेडफोनला काय लागतं ते बघा. वजन फार नसतं. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ २५४ ग्रॅमचा, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स २८५ ग्रॅमचा. पण ते सगळं वजन वरच्या पट्टीच्या गादीवर येतं. खिळ्याला किंवा बारीक सळईला महिनोन्‌महिने टांगलं की गादीत खाच पडते आणि ती पुन्हा भरून येत नाही. म्हणून वरचा टेकू रुंद आणि गोलाईचा हवा, उभा दांडा बारीक हवा (जाड असला तर दोन्ही कानांच्या गाद्या त्यावर दाबल्या जातात) आणि बूड जड हवं. उंची २५ सेंटीमीटरच्या आसपास धरा.

वरच्या टेकूच्या बाबतीत पाइपाला तोड नाही, हे माझं ठाम मत आहे. शेतीच्या पाइपावरचा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. ९० मिलिमीटरच्या पाइपाचा पाच सेंटीमीटर लांबीचा तुकडा कापा, तो उभा चिरून अर्धा करा, की तयार कमान मिळते. मोठ्या हेडफोनला ११० मिलिमीटरचा घ्या. हॅक्सॉ ब्लेडने कापलेली कड धारदार राहते. ती आधी ८० नंबरच्या आणि मग २२० च्या पॉलिश पेपरने बोटाला टोचणार नाही इतकी घासा. दांड्याला ३२ मिलिमीटरचा पाइप पुरतो. त्याच्या डोक्यावर एंड कॅप (पाइपाचं तोंड बंद करायचं टोपण) बसवायची, कॅपला आणि कमानीला आरपार छिद्र पाडून पाव इंची नट-बोल्टने आवळायचं. बोल्टचं डोकं झाकायला वरून फेल्ट किंवा जुन्या जीन्सचं कापड लावा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावू नका. उन्हाळ्यात रबर चिकट होतं आणि फिकट रंगाच्या गादीवर काळा डाग उतरतो.

पाइपाची खोट बुडात आहे. पीव्हीसी हलकं असतं, हेडफोन उचलताना स्टँडही सोबत येतो. दांड्यात कोरडी, चाळलेली वाळू ठासून भरली की बराच फरक पडतो. तरी बूड टी आणि एल्बो जोडून चांगलं पसरट करावं लागतं आणि टेबलावरची जागा जाते. काही जण पाइप गॅसवर धरून वाकवतात, ते करू नका. पीव्हीसी ८० अंशांच्या पुढे मऊ होतं, पण ज्योतीवर जळलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. वाकवायचंच असेल तर पाइपात गरम वाळू भरून वाकवा.

गॅरेजचं सामान नेमकं बुडासाठी चांगलं. मोटारसायकलचं मागचं ४२ दातांचं चेन-स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र) साधारण १७ सेंटीमीटर व्यासाचं असतं, पोलादी असतं आणि टेबलावर ठेवलं की हलत नाही. झिजलेलं स्प्रॉकेट मेकॅनिककडे भंगाराच्या डब्यातच असतं, किलोच्या भावाने देतो. दांड्याला जुन्या सायकलचा सीटखालचा पाइप शोभतो. मात्र त्यावर क्रोम असेल तर ते घासून काढल्याशिवाय वेल्डिंग करायला सांगू नका, तो धूर वेल्डरच्या छातीला वाईट. स्प्रॉकेटच्या मधल्या मोठ्या भोकावर आधी पत्र्याची चकती बसवावी लागते, हेही त्याला आधीच सांगा.

धातूच्या स्टँडबाबत एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. हेडफोनच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो. ग्राइंडिंगचा लोखंडी कीस स्प्रॉकेटच्या दातांत, ग्रीसमध्ये अडकलेला असतो, तो सुटला की चुंबक त्याला ओढतो. जाळीतून पडद्यापर्यंत गेला तर आवाज खरखरतो. म्हणून गॅरेजमध्ये हेडफोन टांगून माप बघायचं नाही. स्प्रॉकेट रॉकेलने किंवा डिझेलने, मग कपड्यांच्या साबणाने धुवा, वाळवा, रेड ऑक्साइड मारून वर रंगाचे दोन हात द्या. एवढी उठाठेव करायची नसेल तर हा मार्ग सोडा.

लाकूड दिसायला सगळ्यांत देखणं, पण जुनंच घ्या. ओली बाभूळ किंवा निंब आपल्या चैत्र-वैशाखाच्या कोरड्या झळांत तडकतो. उतरवलेल्या चौकटीचा साग मुरलेला असतो. मोडीत निघालेल्या बैलगाडीच्या जुवाची शिवळ (बैलाच्या मानेशेजारी जुवात उभी बसवायची खुंटी) हाती लागली तर हातभर लांबीचा तासलेला दांडा आयताच मिळाला. सुताराशी ओळख असेल तरच या वाटेने जा. घरच्या घरी वरची कमान कोरणं सोपं नाही.

तिन्हींत जोड कशाने करता याला आपल्याकडे फार महत्त्व आहे. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या घरात जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. हॉट ग्लू अशा उकाड्यात हळूहळू सरकतो, दुहेरी फोमटेपही सुटते. पीव्हीसीला सॉल्व्हंट सिमेंट, धातूला वेल्डिंग, लाकडाला स्क्रू, आणि वेगवेगळे जिन्नस एकत्र आणायचे तर नट-बोल्ट. त्यात तडजोड नको.

मला विचाराल तर स्प्रॉकेटचं बूड आणि त्यावर पाइपाची कमान, हीच जोडी करा. वेल्डर फक्त दांडा उभा करून देईल, बाकी घरी होतं. ओळखीचं गॅरेज नसेल तर निव्वळ पाइपाचा, वाळू भरलेला करा. आणि खोली भाड्याची, टेबल एवढंसं, असं असेल तर बूडच नको: घरमालकाला विचारून कमानीच्याच मापाची (९० किंवा ११० मिलिमीटरची) एंड कॅप दोन स्क्रूंनी भिंतीला मारा आणि तिच्यात त्याच मापाचा आठ सेंटीमीटरचा अख्खा पाइप घट्ट बसवा. त्याहून आखूड ठेवला तर कानाची वाटी भिंतीला घासते. जागा पश्चिमेच्या खिडकीपासून लांब निवडा, ऊन आणि घाम मिळून गादीवरच्या रेक्झिनचे पापुद्रे निघतात.